रिकामा खिळा

“बाबा, तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती?”

प्रश्न टकळीच्या तोंडून निघाला खरा, पण तो तिचा नव्हता. शनिवारी शाळा सुटल्यावर सायकलींच्या शेडमध्ये पैज लागली होती. चष्मिस, उंटीण आणि टकळी या तिघींनी आपापल्या घरात हा प्रश्न विचारायचा आणि मिळालेलं उत्तर सोमवारी मीठमसाला न लावता सांगायचं. जी कच खाईल तिने महिनाभर बाकी दोघींची दप्तरं उचलायची. उंटिणीने त्याच संध्याकाळी फोन करून बाजी मारली. तिची आई म्हणाली होती, “तुझ्या बापाला हो म्हटलं, ती.” त्यावर आतल्या खोलीतून बापाचा आवाज आला, “माझीही तीच!” चष्मिसच्या आजोबांनी प्रश्न ऐकून कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं होतं. उरली टकळी.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिला वर्गात सगळे ‘मुकी’ म्हणायचे. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिची जीभ टाळूला चिकटायची. मग एकदा बाईंनी बळेबळे भाषणाला उभं केलं, पहिलं वाक्य कसंबसं बाहेर पडलं, आणि त्याच्यामागून जी रांग लागली ती आजतागायत थांबलेली नाही. बाबांनीच तिचं नाव टकळी ठेवलं. या वर्षी तर तिने आंतरशालेय स्पर्धेचा चषक आणला. भाषणाचं नाव होतं ‘आकाशाचा पहारेकरी’. विषय अर्थातच बाबा. टकळीच्या जन्माच्या सुमाराला बाबा देशाच्या टेहळणी केंद्रात यंत्रं सांभाळायचे. शत्रूची क्षेपणास्त्रं निघाली तर ती सगळ्यात आधी जिथे दिसतील, ते केंद्र. “त्या माणसाच्या हातून कधीही चूक झाली नाही!” असं तिने हात उंचावून म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतले बाबा टाळ्या संपायच्या आत उठून बाहेर गेले होते. डोळ्यात कचरा गेला, असं नंतर म्हणाले.

आता बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आणि काटेकोर इतके, की घरात साधा बल्ब बदलायचा झाला तरी आधी मेन स्विचवर दोरीने पुठ्ठा अडकवतात: ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ आई म्हणते, “हा माणूस एक दिवस झोपताना गळ्यात पुठ्ठा घालेल, ‘झोप चालू आहे’.”

त्या रविवारी सकाळी पुठ्ठा अडकवलेला होता आणि बाबा स्टुलावर उभे राहून पंख्याचं पातं बसवत होते. खाली टकळी स्क्रूची वाटी धरून उभी. तिला वाटलं होतं बाबा म्हणतील, ‘तुझं नाव टकळी ठेवलं ती.’ उत्तर ऐकून कसं फिस्सकन हसायचं, तेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

बाबांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सुटला आणि वाटीत येऊन खणकन आदळला.

“कोणी सांगितलं तुला?” बाबांनी विचारलं.

“काय कोणी सांगितलं?”

“काकूंनी फोन केला होता का?”

“कुठल्या काकू? अहो बाबा, पैज आहे ही! नुसती पैज!”

बाबा स्टुलावरून खाली उतरले. एक हात भिंतीला लावून, म्हाताऱ्या माणसासारखे. स्टुलावर बसले आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिले. स्वयंपाकघरातून आई ओल्या हातांनीच बाहेर आली. ती नेत्रालयात चष्म्याचे नंबर तपासते, माणसाचा चेहरा बघून त्याला किती दिसतंय ते ओळखते.

“सांगून टाका आता,” आई म्हणाली. “दोन महिने झाले, धड जेवत नाही आहात. पोरगी विचारते आहे तर सांगा.”

दोन महिने. दोन महिन्यांपूर्वी उशीरकाका गेले होते.

उशीरकाका बाबांचे जुने मित्र. टेहळणी केंद्रातले वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी, बाबांहून आठ-दहा वर्षांनी मोठे. नोकरी सुटल्यावर ते तीन तासांच्या अंतरावरच्या गावात राहायला गेले आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासू लागले. टकळीच्या प्रत्येक वाढदिवसाला यायचे, आणि दरवेळी केक कापून झाल्यावर. म्हणून ते उशीरकाका, असं टकळी समजत होती. त्यांना ‘उशीर’ हे नाव कधी पडलं, कोणी पाडलं, हे तिने विचारलंच नव्हतं. ती लहान असताना दारातच टाळ्या पिटत ओरडायची, “उशीरकाका आले, उशीर करून आले!” काका हसायचे. बाबा कधीच हसले नव्हते. काका पिशवीतून डझनभर पेन्सिली काढायचे, बाराच्या बारा स्वतः चाकूने टोक काढलेल्या, आणि विचारायचे, “कितीची झालीस गं?” तिने आकडा सांगितला की म्हणायचे, “छान. म्हणजे अजून चालू आहे तर सगळं.” काय चालू आहे, ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

“त्या केंद्रात एक मोठं दालन होतं,” बाबा सांगू लागले. “समोर भिंतभर पडदा. पडद्याच्या वर एक खिळा. सराव असेल तेव्हा त्या खिळ्याला पिवळी लाकडी पाटी लटकवायची. पाटी लटकते आहे, म्हणजे पडद्यावर जे दिसतंय तो खेळ. खिळा रिकामा, म्हणजे जे दिसतंय ते खरं. इतकं साधं. लहान पोरालाही कळेल असं.”

“आणि पाटी कोण लावायचं?”

“मी. सरावाची टेप माझ्याकडे असायची. यंत्रं जुनी होती, नवी येणार येणार म्हणून पाच वर्षं नुसत्या वावड्या उठत होत्या. माझी खोली दालनापासून चाळीस पावलांवर. नियम असा, की आधी चाळीस पावलं चालत जायचं, वहीत सही करायची, पाटी लटकवायची, परत यायचं आणि मगच टेप चढवायची.”

टकळीने मेन स्विचकडे पाहिलं. पुठ्ठा दोरीला हळूच झुलत होता.

“त्या दिवशी अकराला सराव होता. मागच्या वेळी टेप मध्येच अडकली होती. मला वाटलं, दहा वाजता जादाच्या यंत्रावर चढवून बघावी. दोनच मिनिटं. ते यंत्र कशालाच जोडलेलं नसायचं. दोन मिनिटांसाठी कोण चाळीस पावलं जाणार आणि चाळीस पावलं येणार? पाटी माझ्या कोटाच्या खिशात होती.”

“मग?”

“मुख्य यंत्र पहाटेपासून तापत होतं. म्हणून रात्रपाळीवाल्यांनी दालनाची वायर जादाच्या यंत्राला जोडून ठेवली होती. तसं वहीत लाल शाईने लिहिलंही होतं. मी सही करायला गेलो असतो, तर ते वाचलं असतं.”

आई भिंतीला टेकून खाली बसली. हे सगळं तिला पाठ आहे, हे टकळीच्या लक्षात आलं.

दालनात त्या दिवशी काका प्रमुख होते. दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर पाच ठिपके उमटले. मग बारा. मग चाळीस. प्रत्येक ठिपका म्हणजे एक क्षेपणास्त्र, प्रत्येकाच्या टोकाला अणुबॉम्ब, आणि सगळ्यांची तोंडं इकडे. टेप बनवणाऱ्यांनी ती मन लावून बनवली होती, शंकेला जागाच ठेवली नव्हती. काकांच्या उजव्या हाताला एक फोन होता. तीन मिनिटांच्या आत तो उचलून वरच्यांना दोनांपैकी एक शब्द कळवायचा, ‘खरं’ किंवा ‘खोटं’. आपली क्षेपणास्त्रंही तिकडे बॉम्ब चढवून, तोंड वर करून तयारच उभी. ‘खरं’ म्हटलं, की ती सोडायची का, हे ठरवायला वरच्यांच्या हातात सात मिनिटं उरायची.

“सात मिनिटं,” बाबा म्हणाले. “सात मिनिटांत कपातला चहासुद्धा गार होत नाही गं.”

काकांनी मान वर करून खिळा पाहिला. रिकामा. दुसऱ्या फोनवरून रडारवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे आकाश स्वच्छ आहे. पण रडारला नेहमी उशिराच दिसायचं, त्यामुळे त्याचा भरवसा धरता येत नव्हता. तीन मिनिटं झाली, मग सहा. शेजारचा अधिकारी ओरडायला लागला, “साहेब, फोन उचला!” तेव्हा काकांनी कधीच करायची नाही ती गोष्ट केली. ते खुर्ची सोडून उठले आणि दालनाबाहेर पळत सुटले. चाळीस पावलं.

“दार धाडकन उघडलं,” बाबा म्हणाले. “त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी एकच विचारलं, ‘टेप चढवली आहेस?’ मी हो म्हटलं. ‘पाटी?’ मी खिशातून काढून दाखवली. अशी, हसत. मला काही माहीतच नव्हतं. मी हसत होतो, टकळे.”

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

“नंतर मी त्यांना विचारलं, खिळा रिकामा होता, मग तुम्ही आलात कसे? तर म्हणाले, ‘खिळा रिकामा असायची दोन कारणं असू शकतात. एक तर जग संपायला आलंय, नाहीतर तू आळशी आहेस. मी तुला सहा वर्षं ओळखतो. मला दुसरंच जास्त पटलं.’”

टकळीला हसू फुटलं. “म्हणजे काकांनी सगळ्यांना वाचवलं! सगळ्या जगाला! मग त्यांना केवढं मोठं बक्षीस मिळालं असेल!”

बाबांनी मान खाली घातली.

“त्यांनी माझ्या हातातली पाटी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाले, ‘ही माझ्याकडे होती. तू माझ्याकडे मागितलीस, मी द्यायला विसरलो. कळलं? तुझ्या घरी बाळ येणार आहे. तू तोंड उघडायचं नाहीस.’ चौकशी झाली. पाटी त्यांच्याकडे सापडली. खुर्ची सोडली, पाटी लावली नाही, तीन मिनिटांत कळवायचं ते आठ मिनिटांनी कळवलं, असे तीन ठपके आले. टेपची गोष्ट दाबून बाहेर ‘यंत्रात बिघाड’ एवढंच सांगितलं. घाबरून पळाला, असंही कोणीतरी लिहिलं. पंधरवड्यात त्यांना घरी बसवलं. केंद्रातल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, उशीर.”

टकळीच्या कानात तिचाच बारीक आवाज घुमला. उशीरकाका आले, उशीर करून आले. टाळ्यांसकट.

“आणि तुम्ही?” तिने विचारलं. “तुम्ही काय म्हणालात चौकशीत?”

“मी गप्प बसलो.”

“मीच म्हटलं होतं, गप्प बसा,” आई म्हणाली. “मला पाचवा महिना होता. मी घाबरले होते. वर्षभर थांबून यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून हे पुठ्ठे.”

लहानपणापासून टकळी ज्यांच्या पेन्सिलींनी लिहीत होती, त्यांच्या अंत्यविधीलाही ती गेली नव्हती. त्या दिवशी स्पर्धेची पहिली फेरी होती. बाबा एकटेच गेले होते, परत आले आणि न जेवता झोपले होते.

“तिथे काय झालं, बाबा?”

“काय होणार. लोक उभे होते. केंद्रातला एक जुना माणूस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘निदान जाताना तरी उशीर केला नाही साहेबांनी.’ काकूंना ऐकू गेलं. त्यांनी नुसती मान वळवली. सवय झाली असणार त्यांना. मी तिथेच उभा होतो, हातभर अंतरावर. एक शब्द फुटला नाही तोंडातून.” बाबांनी डोळ्यांवर पालथा हात फिरवला. “निघताना काकूंनी मला हे दिलं.”

ते उठले आणि हत्यारांच्या पेटीतला तळाचा कप्पा उघडला. फडक्यात गुंडाळलेली एक पिवळी पाटी होती. छोट्या वहीएवढी, कोरी, कडेने रंग उडालेला, वर दोरीचं भोक.

“त्यांच्या कपाटात सापडली म्हणे. मागे केंद्राचा शिक्का आहे, तुम्हाला आठवण म्हणून ठेवा, असं म्हणाल्या. ती काय आहे, त्यांना माहीत नाही. काकांनी त्यांनाही कधी सांगितलं नाही. आपला नवरा ऐन वेळी डगमगला, असंच त्या आजवर समजतात.”

पाटीच्या खाली एक लांबट पाकीट होतं. टकळीने हात पुढे केला, आणि बाबांनी अडवलं नाही. आत एक कोरा फॉर्म आणि वर्तमानपत्राचं कात्रण. सरकारने एक समिती नेमली होती. क्षेपणास्त्रं अशी कायम तयार ठेवायची की नाहीत, हे ती ठरवणार होती. एक सूचना अशी होती, की बॉम्ब एकीकडे ठेवावेत आणि ते वाहून नेणारी क्षेपणास्त्रं दुसरीकडे, म्हणजे जोडायलाच एक दिवस जाईल आणि तेवढ्यात चूक असेल तर कळेल. दुसरी सूचना होती, की मधला माणूसच काढून टाकावा. यंत्राने पाहावं आणि यंत्रानेच वर कळवावं. कारण माणूस वेळ लावतो. त्याला पुरावा म्हणून एक जुनी घटना दिली होती, आणि तिच्याखाली बाबांनी पेन्सिलने रेघ मारली होती: ‘पंधरा वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने तीन मिनिटांऐवजी आठ मिनिटे घेतली. घटनेचा खुलासा: यंत्रातील तात्पुरता बिघाड.’

टकळीने ते दोनदा वाचलं.

“पण हे उलटं आहे! बाबा, हे साफ उलटं आहे! यंत्राने तर चाळीसच्या चाळीस दाखवले होते. उशीर झाला म्हणून तर वाचलो आपण!”

“हो.”

“आणि हे काकांचं उदाहरण पुढे करून माणूस काढायला निघालेत?”

“हो.”

“केंद्रात काम केलेल्यांनी माहिती लिहून द्यावी, असं म्हटलंय इथे. शुक्रवारपर्यंत. बाबा, हा फॉर्म कोरा आहे.”

“रोज काढतो,” बाबा म्हणाले. “रोज परत ठेवतो. लिहिलं की छापून येणार. ज्याने एकदा पाटी लावली नाही, त्याच्या हातात लोक लिफ्ट देतील का? अकरा मजले वर जातात लोक माझ्या सहीवर. आणि तू शाळेत सगळ्यांसमोर उभी राहून म्हणालीस...”

टकळी तिच्या खोलीत गेली. टेबलावर चषक होता, आणि त्यात तिने काकांच्या पेन्सिली उभ्या करून ठेवल्या होत्या. शेवटच्या वाढदिवसाच्या बारापैकी पाच उरल्या होत्या. पाचांचीही टोकं अजून तशीच, लांब, नीट तासलेली. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून घरी आलेला माणूस चाकू घेऊन बसायचा आणि हे करायचा. का? तिच्यावर राग धरायला हवा होता त्याने. तीच तर होती ते बाळ. तिने चषकावर कपाळ टेकलं आणि पोटभर रडली, आवाज न करता, तिच्या मुकी असण्याच्या दिवसांत रडायची तशी. ‘कितीची झालीस गं?’ पंधरा, काका. ‘छान. म्हणजे अजून चालू आहे तर सगळं.’

ती बाहेर आली तेव्हा आई-बाबा होते तिथेच होते. पंख्याला दोनच पाती होती, तिसरं जमिनीवर पडलेलं. टकळीने पाटी उचलून छातीशी धरली, फॉर्म बाबांच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर काकांची एक पेन्सिल ठेवली.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. “मी ठरवलंय. उद्या मी शाळेत जाणार नाही. सकाळच्या पहिल्या बसने काकूंकडे जाणार आहे. ही पाटी त्यांची आहे, त्यांना परत द्यायची आणि ही काय आहे ते सांगायचं.”

“अगं, एकटी...” आई म्हणाली.

“एकटीने जायचं की कसं, ते बाबांनी ठरवायचंय. बाबा आले तर बाबा बोलतील, मी गप्प बसेन. मला येतं गप्प बसायला. नाही आले तर मी बोलेन. तेही आता येतं.” तिने नाक पुसलं. “आणि परवा शाळेत गेले की चष्मिसला आणि उंटिणीला सांगेन, मी पैज हरले, मला विचारायची हिंमतच झाली नाही. महिनाभर त्यांची दप्तरं उचलेन. काकू हो म्हणेपर्यंत हे उत्तर शाळेत कोणालाही मिळणार नाही. बस सहा दहाला आहे, बाबा. या वेळी उशीर करायचा नाही.”